जंजिऱ्याचे सिद्दी घराणे

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळच्या जंजिरा या जलदुर्गाचे व त्याच्या आसपासच्या किनारपट्टीचे आफ्रिकी वंशाचे मुसलमान अधिपती. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही व दिल्लीची मोगल सत्ता यांचे सुभेदार आणि आरमारप्रमुख म्हणून सिद्दींनी प्रथम या किनाऱ्यावर अधिकार गाजविला. पुढे ते व्यवहारतः स्वतंत्र झाले आणि ब्रिटिश अमदानीत नबाब या किताबाने संस्थानिक बनले. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून १९४८ पर्यंत, म्हणजे सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ, त्यांची सत्ता टिकली. तथापि या काळाच्या पूर्वार्धात या ‘घराण्या’चे प्रमुख एकमेकांचे पुत्र किंवा नातू नव्हते. घराणे या शब्दाचा रूढ अर्थ त्यांना फार उशिरा लागू पडतो आणि हेच या राजवंशाचे मुख्य वैशिष्ट्य होय.

नाव व मूळ : आफ्रिकेच्या ईशान्येकडील प्रदेशास, स्थूलमानाने आजच्या इथिओपियास, अरबी भाषेत ‘हबश’ म्हणतात. यावरून तेथून आलेल्या लोकांस हबशी व त्यांच्या जंजिऱ्याभोवतीच्या मुलखास ‘हबसाण’ हे नाव पडले. सिद्दी (सीदी) हा शब्द ‘सय्यिदी’ (माझे स्वामी) या अरबी संबोधनापासून आला असावा, असे सामान्यतः मानतात. जंजिरा हा ‘जझीरा’ (बेट) या अरबी शब्दाचा अपभ्रंश आहे.

हबशी लोक भारतात व्यापारी, खलाशी व शिपाई म्हणून आले. परंतु त्यांतील मोठा भाग गुलामांच्या व्यापारातून आला. तांबड्या समुद्राच्या व एडनच्या आखाताच्या बंदरांतून लहान वयाची मुले अरबस्तान, इराक व पश्चिम भारत येथील बाजारांत नेली जात. दख्खनच्या सुलतानांना विश्वासू लष्करी सेवकांची गरज होती. ज्याला या भूमीत आप्तस्वकीय नाहीत, तो धन्याशी एकनिष्ठ राहील, हा या भरतीमागील हिशेब होता. धर्मांतर, शस्त्रविद्येचे शिक्षण आणि मग सेवेतील बढती, असा या गुलामांचा क्रम असे. धनी मरण पावल्यावर किंवा त्याने मुक्त केल्यावर कर्तबगार हबशी स्वतःचे पथक उभारीत. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला व अखेरीस निजामशाहीचा सूत्रधार झालेला मलिक अंबर (१५४८–१६२६) हे या प्रक्रियेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. जंजिऱ्याचा सिद्दी अंबर आणि मलिक अंबर या दोन भिन्न व्यक्ती आहेत. त्याचप्रमाणे १६६० मध्ये पन्हाळ्यास वेढा घालणारा सिद्दी जौहर हा कर्नूलचा सरदार होता. त्याचा जंजिऱ्याच्या सिद्दींशी घोटाळा करू नये.

या लोकांची नावेही त्यांच्या पूर्वेतिहासाची निदर्शक आहेत. याकूत (माणिक), जौहर (रत्न), अंबर (एक सुगंधी द्रव्य), संबूल (एक सुवासिक वनस्पती), सुरूर (आनंद), खैरियत (क्षेमकुशल) अशी नावे धन्याने गुलामास देण्याची प्रथा मुस्लिम जगात सर्वत्र होती. त्यांत पित्याचे किंवा कुळाचे नाव येत नाही. यामुळे आरंभीच्या सिद्दी प्रमुखांचे मातापिता, जन्मगाव किंवा जमात यांविषयी कागदपत्रे मूक आहेत. सतराव्या शतकात यूरोपातही परकीय योद्ध्यांना प्रांताधिकार मिळाल्याची उदाहरणे आढळतात. स्वीडनच्या राजाच्या सेवेत शिरलेल्या डग्लस, हॅमिल्टन इ. स्कॉटिश कुळांतील व्यक्ती तेथे उमराव व प्रांताधिपती झाल्या. परंतु कुलीनतेचे दाखले मायदेशाहून आणविणे त्यांना शक्य होते. गुलामगिरीने मूळ तुटलेल्या हबशांना असा दाखला मिळणे अशक्य होते. त्यांची प्रतिष्ठा केवळ त्यांच्या पराक्रमावर व पदावर अवलंबून होती.

जंजिऱ्यावरील आगमन : राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या या बेटावर पंधराव्या शतकात स्थानिक कोळ्यांनी चाचे लोकांपासून बचावासाठी लाकडी मेढेकोट उभारला होता. त्यांचा प्रमुख राम पाटील याच्याकडून निजामशाही अधिकारी पिरमखान याने १४९० च्या सुमारास हा कोट कपटाने घेतला, अशी कथा आहे. व्यापाऱ्याच्या वेषात येऊन त्याने पेट्यांतून लपवून आणलेले शिपाई कोटात उतरविले, असे सांगतात. या कथेत पिरमखानास पुढील सिद्दी घराण्याचा मूळ पुरुष मानण्याकडे कल आढळतो. मात्र त्याचा व सतराव्या शतकातील सिद्दींचा रक्तसंबंध सिद्ध झालेला नाही. सत्तेला प्राचीन प्रारंभ जोडून देण्याची राजघराण्यांची जी सर्वसामान्य प्रवृत्ती असते, तिचाच हा एक प्रकार म्हणता येईल. १५६७ ते १५७१ च्या दरम्यान बुऱ्हाणखान या निजामशाही अधिकाऱ्याने मेढेकोटाच्या जागी सध्याचा दगडी किल्ला बांधविला.

निजामशाहीच्या उत्तरकाळात, हबशी सरदारांचे वर्चस्व असताना, दंडा-राजपुरीची सुभेदारी सिद्दींकडे आली. सिद्दी सुरूरखान (१६१८–२०), सिद्दी याकूत (१६२०-२१) व सिद्दी अंबर (१६२१–४२) हे पहिले सुभेदार होत. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली आणि कोकणचा हा भाग विजापूरकडे गेला. आदिलशाहीने सिद्दीस काढले नाही. नागोठण्यापासून बाणकोटपर्यंतचा मुलूख त्याच्याकडे ठेवून त्यास वजीर हा किताब दिला. त्याबदली व्यापारी जहाजांचे रक्षण करणे व मक्केच्या यात्रेकरूंची ने-आण करणे हे काम त्याच्यावर सोपविले. सिद्दींना राज्यकर्त्यांच्या लेखी जे महत्त्व आले, ते या समुद्रमार्गाच्या रक्षणामुळे होय. सत्ता बदलली तरी यात्रेकरूंची जहाजे व त्यांना लागणारे संरक्षण कायम राहिले.

वारसाची पद्धत : जंजिऱ्याचे प्रमुखपद प्रारंभी वंशपरंपरागत नव्हते. वजीर मरण पावला असता त्याच्या पुत्राऐवजी आरमारातील दर्जाने सर्वांत वरिष्ठ हबशी अधिकारी त्याच्या जागी येत असे, असे ग्रँट डफने मराठ्यांच्या आपल्या इतिहासात (१८२६) नमूद केले आहे. नवा प्रमुख सरदारांच्या संमतीने निवडला जाई. ईजिप्तमधील मामलूक सत्तेतही (१२५०–१५१७) असाच प्रकार आढळतो. तेथेही विकत आणलेले लढवय्ये गुलाम आपल्यातूनच सुलतान उभा करीत.

या पद्धतीचे फायदे उघड होते. दर्यावरील सत्तेस अल्पवयीन किंवा नादान वारस परवडत नाही. ज्येष्ठतेच्या नियमामुळे जंजिऱ्यास लागोपाठ अनुभवी आरमारप्रमुख मिळाले. बेटावरील मूठभर हबशांना आपसांत एकजूट ठेवणे भाग होते आणि प्रत्येक सरदारास प्रमुखपदाची आशा असल्याने ती टिकूनही राहिली. उलटपक्षी, प्रमुखाने सर्वांच्या मताविरुद्ध पाऊल उचलल्यास त्यास दूर करण्याचा हक्कही सरदार स्वतःकडे समजत. १६७० च्या सुमारास याचा प्रत्यय आला.

शिवाजी महाराजांनी १६४८ पासून तळे, घोसाळे इ. सिद्दीचे किल्ले घेण्यास आरंभ केला व पुढे दंडा-राजपुरीही जिंकली. जंजिऱ्यावरील दडपण वाढत गेले, तेव्हा वजीर फत्तेखान (कार. १६५५–७०) याने मोबदला घेऊन किल्ला महाराजांच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. संबूल, कासिम व खैरियत या तीन सरदारांनी त्यास कैद केले आणि मोगल बादशाह औरंगजेब याचा आश्रय मिळविला. बादशाहाने याकूतखान हा किताब, मनसब व सुरतेच्या उत्पन्नातून सालीना तनखा देऊन त्यांच्या आरमाराचा खर्च उचलला. किल्ला, किनारा व आरमार हे अधिकार या तिघांनी वाटून घेतले. संबूलकडील आरमाराचे आधिपत्य १६७७ च्या सुमारास कासिमकडे आले, तेव्हा दोघांत मुंबईस संघर्ष झाला आणि इंग्रजांना मध्यस्थी करावी लागली. याकूतखान हा किताब पुढे अनेक प्रमुखांनी धारण केल्यामुळे एका याकूतखानाची कृत्ये दुसऱ्याच्या नावे लिहिली गेल्याची उदाहरणे जुन्या इतिहासग्रंथांत आढळतात.

सिद्दी कासिम हा या परंपरेतील सर्वांत समर्थ पुरुष होय. त्याने १६७१ मध्ये दंडा-राजपुरी परत घेतली. महाराजांनी जंजिऱ्यास शह देण्यासाठी कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला, तसेच १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी वसविली. कासिमने लगेच १६८० मध्ये शेजारचे उंदेरी बेट तटबंदीने मजबूत केले. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत खाडी दगडांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला, तोही निष्फळ ठरला. १६८९-९० मध्ये कासिमने मुंबईस वेढा घातला व किल्ल्याबाहेरील बहुतेक बेट व्यापले. अखेर ईस्ट इंडिया कंपनीस औरंगजेबाची क्षमा मागून व दंड भरून तह करावा लागला. कासिम व खैरियत यांना बंधू म्हटले जाते. राजपुरीनजीक खोकरी येथे या दोघांच्या व सिद्दी सुरूरखान याच्या दगडी कबरी आहेत. कोकण किनाऱ्यावरील मुस्लिम वास्तुशिल्पाचे ते उल्लेखनीय अवशेष होत.

स्थानिक समाजाशी संबंध : हबशांची संख्या नेहमीच अल्प होती. प्रजा मुख्यतः कोळी, आगरी, कुणबी इ. हिंदू जातींची, तर किनाऱ्यावरील गावांतून कोकणी मुसलमानांची वस्ती होती. वसुली व कारकुनी ब्राह्मण आणि प्रभू कुटुंबांकडे असे. पहिला भट पेशवा बाळाजी विश्वनाथ (कार. १७१३–२०) याचे घराणे मूळचे श्रीवर्धनचे. तेथील देशमुखी त्यांच्याकडे सिद्दीच्या अंमलाखालीच होती आणि सिद्दीच्या जाचामुळे त्यांना घाटावर जावे लागले. अशा रीतीने सिद्दीच्या प्रजाजनांतूनच त्याचा पुढील प्रबळ शत्रू निर्माण झाला.

आरमारात स्थानिक लोकांनाही स्थान होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आरमारी अधिकारी याकूबखान ऊर्फ शेखजी हा मूळचा गुहागरकडील कोळी पाटलाच्या घरातील असून लहानपणी पकडला जाऊन मुसलमान करण्यात आला होता, असे सांगतात. त्याच्या उदाहरणावरून सिद्दींच्या गोटात प्रवेश मिळण्यास आफ्रिकी रक्त हीच एकमेव अट नव्हती, असे दिसते. कुळापासून तोडून नव्या सेवेत घालण्याची जी रीत हबशी मुलांच्या वाट्यास आली, तीच किनाऱ्यावरील मुलांच्याही वाट्यास येत होती.

वंशपरंपरेकडे संक्रमण : सिद्दी रसूल (सुरूर) याकूतखान हा १७३३ च्या सुमारास मरण पावला. त्याला अनेक पुत्र होते आणि येथूनच वारसाहक्कास कौटुंबिक कलहाचे स्वरूप आले. थोरला मुलगा अब्दुल्ला मारला गेला. अब्दुल्लाचा मुलगा अब्दुल रहमान याने मराठ्यांचा पक्ष स्वीकारला आणि शेखजीही त्यांस मिळाला. पहिल्या बाजीरावाने १७३३ मध्ये स्वतः जंजिऱ्यावर मोहीम काढली. त्याच वर्षी, १६८९ मध्ये गेलेला रायगड मराठ्यांनी परत घेतला. वर्षअखेरच्या तहाने हबसाणच्या अकरा महालांपैकी निम्म्यांवर मराठ्यांचा हक्क मान्य झाला व अब्दुल रहमानास प्रमुख ठरविण्यात आले. जंजिरा किल्ला मात्र हाती आला नाही. तह न मानणारा सिद्दी सात हा चिमाजी आप्पाबरोबर रेवसजवळ झालेल्या लढाईत १९ एप्रिल १७३६ रोजी मारला गेला.

पुढील पन्नास वर्षे निवडीची जुनी रीत व पित्यामागून पुत्र ही नवी अपेक्षा यांत ओढाताण चालू राहिली. मोगल सत्तेच्या ऱ्हासामुळे सुरतेचा तनखा अनिश्चित झाला. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला सिद्दींच्या ताब्यातून इंग्रजांकडे गेला आणि १७६० मध्ये उंदेरी पेशव्यांनी घेतली. आरमाराचे महत्त्व कमी होऊन सत्तेचा आधार जमीनमहसूल हा बनला. आरमाराचे आधिपत्य अनुभवाने मिळते, जमीन मात्र वारशाने देता येते. निवडीची पद्धत मागे पडण्याचे हे एक प्रमुख कारण असावे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील जाफराबाद हे ठाणे याच शतकाच्या उत्तरार्धात जंजिऱ्याकडे आले.

सचीनची शाखा : सिद्दी अब्दुल रहीम १७८४ मध्ये मरण पावला. त्याचा पुत्र अब्दुल करीमखान ऊर्फ बाळूमियाँ हा वारस असता किल्ल्यावरील सरदार सिद्दी जौहर याने सत्ता हस्तगत केली. जन्माचा हक्क आणि सरदारांमधील ज्येष्ठता या दोन तत्त्वांमधील हा अखेरचा मोठा संघर्ष म्हणता येईल. बाळूमियाँने पुण्यास पेशव्यांचा आश्रय घेतला. ६ जून १७९१ रोजी झालेल्या करारान्वये त्याने जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांना सोडून दिला व त्याबदली सुरतेजवळ सचीन येथे मुलूख मिळविला. यातून सचीन संस्थान निर्माण झाले आणि त्याच्या प्रमुखास मोगल बादशाहाकडून नबाब हा किताब मिळाला. पेशव्यांच्या हाती केवळ कागदावरील हक्क आला. जंजिरा सिद्दींच्या ताब्यात राहिला तो राहिलाच. सचीनच्या नबाबांनी सुरतेकडील प्रदेशात स्वतंत्र वंश चालविला.

संस्थानी काळ : जौहरनंतर दुसरा इब्राहिमखान गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीत काही वर्षे जुम्रुदखान याने सत्ता बळकावली होती. मात्र १८०४ च्या सुमारास इब्राहिमखान पुन्हा प्रमुख झाला आणि १८२६ पर्यंत सत्तेवर राहिला. त्याच्यापासून महंमदखान (कार. १८२६–४८), तिसरा इब्राहिमखान (कार. १८४८–७९), अहमदखान (कार. १८७९–१९२२) व महंमदखान (कार. १९२२–४८) अशी पित्यामागून पुत्र ही अखंड परंपरा दिसते. जंजिऱ्याचा घराणे या नात्याने सलग वंशवृक्ष मांडता येतो, तो या पाच पिढ्यांचाच.

पेशवाईच्या अस्तानंतरही जंजिरा इंग्रजांना खंडणी देत नव्हता व दीर्घकाळ तेथे ब्रिटिश प्रतिनिधी नव्हता. तिसऱ्या इब्राहिमखानाच्या कारकिर्दीत फौजदारी न्यायातील गैरप्रकार वाढल्याने १८६८ च्या सुमारास ते अधिकार काढून घेऊन पोलिटिकल एजंट नेमण्यात आला. १८७० पासून संस्थान प्रत्यक्षपणे ब्रिटिशांच्या वर्चस्वाखाली आले. मुसलमानी कायद्यानुसार वारसा चालेल, अशी सनद नबाबास होती. त्यामुळे सरदारांचा निवडीचा हक्क कायद्याच्या दृष्टीनेही संपला.

संस्थानात मुरूड, म्हसळे व श्रीवर्धन हे तालुके व जाफराबाद यांचा समावेश होता. मूळ जंजिऱ्याचे क्षेत्रफळ सु. ८३९ चौ. किमी. (३२४ चौ. मैल) व लोकसंख्या ८५,४१४ (१९०१) होती. जाफराबादचे क्षेत्र सु. १०९ चौ. किमी. (४२ चौ. मैल) व लोकसंख्या १२,०९७ (१९०१) होती. नबाबास अकरा तोफांच्या सलामीचा मान होता. संस्थानातून मुंबईस जळाऊ लाकूड व मासळी जाई आणि तेथील जहाजांवर खलाशी म्हणून अनेक लोक काम करीत.

अहमदखान याचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाले. मुरूड येथील अहमदगंज हा राजवाडा त्याच्या काळातील असून, तो बांधल्यानंतर राजकुटुंबाचे वास्तव्य समुद्रातील किल्ल्याऐवजी किनाऱ्यावर राहिले. त्याचा विवाह मुंबईच्या सुलेमानी बोहरा समाजातील फैझी कुटुंबातील नाझली रफिया हिच्याशी झाला. ती लेखिका अतिया फैझी हिची बहीण होय. १९०८ मध्ये नबाब व अतिया यांच्यासमवेत केलेल्या प्रवासावर नाझली बेगमने सैर-ए-यूरोप हे उर्दू प्रवासवर्णन लिहिले. या विवाहापासून अपत्य नव्हते आणि १९१३ मध्ये घटस्फोट झाला. ज्या गादीवर एकेकाळी प्रमुखाचा पुत्र असणे हा हक्कच नव्हता, तिच्या राणीचे भवितव्य आता वारस नसण्याने ठरावे, इतका बदल दोन शतकांत झाला होता. दुसरी पत्नी कुलसुम बेगम हिचा मुलगा महंमदखान १९२२ मध्ये लहान वयातच गादीवर आला. १९३३ पर्यंत कुलसुम बेगमने पालक म्हणून कारभार पाहिला. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जंजिऱ्याचा प्रदेश कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) समाविष्ट झाला. जाफराबाद सध्या गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात आहे.

मूल्यमापन : मराठ्यांच्या इतिहासात सिद्दी मुख्यतः शत्रू म्हणून येतात. किनाऱ्यावरील जाळपोळ, लूट व माणसे पकडून नेणे यांमुळे त्यांच्याविषयी भीती व कटुता होती आणि तिला सबळ आधार आहे. तथापि आप्त व कुलनाम नसलेल्या, विकत आणल्या गेलेल्या माणसांनी एका लहान बेटाच्या आधारे पोर्तुगीज, मराठे व इंग्रज यांच्यामध्ये आपली सत्ता टिकवावी, ही घटनाही तितकीच विलक्षण आहे. त्यांच्या यशाचे श्रेय दुर्गाच्या अभेद्यतेइतकेच त्यांच्या ज्येष्ठतेच्या नियमाला द्यावे लागते. हा नियम मोडून वंशाचा अभिमान आला, तेव्हापासून अंतःकलह वाढले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतातील सिद्दी समाजाचा फार मोठा भाग सत्तेच्या या इतिहासाबाहेर आहे. गुजरात व कर्नाटकात राहणारे सिद्दी मुख्यतः शेतमजुरी व कष्टाची कामे करीत आले असून, तेथील काही जिल्ह्यांत त्यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले आहे. त्यांचे पूर्वज त्याच समुद्रमार्गाने व बहुधा त्याच व्यापारातून आले. जंजिऱ्याच्या नबाबांचा वंशवृक्ष जेथे थांबतो, त्यामागील अज्ञात पिढ्या या सर्वांना समान आहेत.